पाठ आणि चेहरा

कण्यात भूल देणारा बाईच्या पाठीमागे बसतो. सुई आत जाताना तिचा चेहरा त्याला दिसत नाही. माझं माहेर मिरजेचं, लग्न तंजावरच्या मराठी घरात, आणि नोकरी-व्यवसाय सगळा कुंभकोणम नि तिरुभुवनम् इथल्या लहान थिएटरांमध्ये. या सगळ्या काळात मी पाठी पाहिल्या. बाजारात एखादी बाई हात जोडून ओळख दाखवते तेव्हा तिचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या मणक्यांमधली जागा सापडायला वेळ लागला होता की नाही, ते मात्र आठवतं.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डाव्या हाताची मागची बाजू पेशंटच्या पाठीला टेकवून सुई धरली की कंप जाणवत नाही. पण सुईतून कण्यातल्या पाण्याचा थेंब येईपर्यंत थांबायचं असतं, मग सिरिंज जोडायची असते, आणि नेमका तिथे तो परत येतो. पेन्सिलच्या टोकाची बारीक सुई केसभर जरी मागे आली तरी निम्मं औषध बाहेर राहतं आणि अर्धवट भूल बसते. म्हणून सुई मी माझ्या ज्युनिअरच्या हाती दिली. ती मागे बसते. मी पुढे येऊन बाईचे खांदे धरते.

हे सोपं गेलं नाही. ‘एका टोचणीत’ ही माझी कीर्ती होती. सर्जन दुसऱ्या सर्जनला सांगत, सिस्टर नव्या सिस्टरला सांगत, आणि ते कानावर पडावं म्हणून मी हात धुण्याच्या जागी रेंगाळत असे. सुजलेल्या, जाड, वाकड्या पाठी मुद्दाम माझ्यासाठी ठेवल्या जात. अवघड जागी सुई पहिल्याच खेपेला गेली की दिवसभर मला भूक लागत नसे. स्पायनल, म्हणजे कण्यातली भूल, ही माझ्यासाठी भूल देण्याची पद्धत कमी आणि माझी सही जास्त होती. म्हणून एखादी बाई ‘मुळु मयक्कम’, म्हणजे पूर्ण भूल, मागू लागली की तिने मलाच नाकारल्यासारखं वाटे.

तिरुभुवनमचा देव कंपहरेश्वर, कंप घालवणारा शिव. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं हे देऊळ थिएटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विणकरांच्या घरातली वडीलधारी माणसं म्हणाली, ‘डॉक्टरम्मा, एक अर्चना करा.’ मी मनापासून केली. न्यूरॉलॉजिस्टची गोळीही घेते. हात आहे तसाच आहे. पुढे येऊन उभी राहिले तेव्हापासून कानावर येऊ लागलेल्या गोष्टींनी मात्र माझं काम बदललं.

हे रेशीम विणणाऱ्यांचं गाव. इथल्या विणकरांची सहकारी संस्था १९५५ सालची आहे आणि तिरुभुवनम् पट्टू साडीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इथले बहुतेक विणकर सौराष्ट्री. घरात त्यांची स्वतःची बोली, बाहेर तमिळ. खड्ड्याच्या मागावर पाय खाली सोडून दिवसभर बसायचं असतं. घरच्या बायका ताणा लावतात, कांड्या भरतात, मागावरही बसतात. ठरलेल्या सिझेरियनच्या आदल्या दिवशी त्यांचा प्रश्न बाळाबद्दल नसतो, टाक्यांबद्दलही नसतो. ‘मुदुगु ऊसी’ घेतली, म्हणजे पाठीत इंजेक्शन घेतलं, तर पुन्हा मागावर बसता येईल का, हा त्यांचा प्रश्न. आईची कंबर गेली, जावेची गेली, दोघींनाही ऊसी दिली होती.

या प्रश्नाला आम्ही भूलतज्ज्ञ ‘काही होत नाही’ म्हणून वाटेला लावतो. खरं उत्तर जरा लांब आहे. सुईच्या जागी काही दिवस ठणकतं. शंभरात एखादीला डोकेदुखी होते आणि ती उठून बसल्यावर वाढते. कायमची पाठदुखी मात्र या सुईमुळे होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपणात निम्म्याच्या आसपास बायकांची कंबर दुखतेच. पुढे मूल कडेवर, पाजताना वाकणं आणि इथे वरून माग. दुखणं खरं असतं, दोष भलत्यावर जातो.

ही भीती अडाणी म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. १९४७ साली इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात एकाच दिवशी दोन पुरुषांना कण्यात भूल दिली आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. त्यांचा खटला १९५४ पर्यंत चालला. औषधाच्या काचेच्या कुपीला न दिसणारे तडे जाऊन बाहेरचं जंतुनाशक फिनॉल आत शिरलं, असं कोर्टात मानलं गेलं. पुढे अभ्यासकांनी निर्जंतुकीकरणाच्या भांड्यात राहिलेल्या आम्लाकडे बोट दाखवलं. त्या एका दिवसामुळे ब्रिटनमधले शिकलेसवरलेले भूलतज्ज्ञ कित्येक वर्षं स्पायनलपासून लांब राहिले. मग मागावर बसणाऱ्या बाईने आपल्या पाठीची काळजी केली तर तिला हसायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

तरीही ठरलेल्या सिझेरियनसाठी माझा कौल स्पायनललाच आहे. मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली न्यूयॉर्कमधल्या ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यातल्या ६६ जणींच्या फुप्फुसांत पूर्ण भुलेखाली पोटातलं गेलं होतं. गरोदर बाईचा घसा सुजलेला असतो, नळी घालताना फसण्याचं प्रमाण तीनशेत एक असं धरलं जातं आणि तिचा प्राणवायूचा साठा पटकन संपतो. पूर्ण भुलेच्या वायूंनी गर्भाशय सैल पडतं, रक्त जास्त जातं. स्पायनलमध्ये आई बाळाचं पहिलं रडणं ऐकते आणि नंतरचे काही तास तिला दुखत नाही. शिवाय ‘झोपवा’ म्हटलं की झोप लागलीच, असंही नाही. ब्रिटनमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत पूर्ण भुलेखालच्या सिझेरियनमध्ये सुमारे ६७० जणींत एकीला आत काय चाललंय ते कळल्याची नोंद आहे.

हे सगळं मला पाठ आहे आणि ते मी दहा वाक्यांत सांगू शकते. माझी अडचण वेगळीच आहे, आणि ती अजून सुटलेली नाही. ‘मुळु मयक्कम’ मागणारी बाई नक्की काय मागते आहे?

एक विणकर बाई, दुसऱ्या ठरलेल्या सिझेरियनसाठी आलेली. तिरुकरुगावूरच्या गर्भरक्षांबिकेचं एरंडेल पोटाला लावून आली होती. रक्त गोठण्याची क्षमता उत्तम, पाठ सरळ, स्पायनलला नाही म्हणायला काहीच कारण नव्हतं. मागच्या वेळेपासून कंबर दुखते, म्हणून पूर्ण भूल द्या, एवढंच ती म्हणत होती. माझ्या ज्युनिअरने मला बाजूला घेऊन म्हटलं, ‘मॅडम, इंडिकेशन नाहीये.’ तिने कंबरेबद्दल सगळं नीट, न चिडता समजावलं. बाईने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

मी तिच्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती बोलली. मागच्या वेळी पोटात हात फिरत होते, ओढत होते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं. ती ‘वलिक्कुदु’ म्हणाली, म्हणजे दुखतंय, तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला की दुखणं शक्य नाही, औषध दिलंय. ती गप्प बसली. शेवटपर्यंत गप्प राहिली. कंबरेचं दुखणं खरंच होतं, पण ते तिने पुढे केलं होतं, कारण कंबरेबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.

स्पायनलने वेदना थांबते. स्पर्श, दाब, ओढ पूर्ण थांबत नाही, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. पण ओढ कुठे संपते आणि वेदना कुठे सुरू होते, हे आम्ही ठरवतो, पोट तिचं असताना. काही बायकांना खरोखरच दुखतं, भूल पुरेशी वर चढलेली नसते किंवा उतरू लागलेली असते. अशा वेळी हात थांबवून औषध द्यायचं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर झोपवायचं. शस्त्रक्रियेआधी थांबून, भूल कुठवर चढली ते थंड बोळा लावून पाहायला दोन मिनिटं लागतात, पण तीही पुष्कळ ठिकाणी कुणाकडे नसतात.

त्या बाईला मी दोन्ही वाटा पुन्हा सांगितल्या. या वेळी ओढ कशी जाणवेल ते आधी सांगेन, दर टप्प्याला शेजारी बसून बोलेन, ‘दुखतंय’ म्हणालीस की सर्जनचा हात थांबेल, असं कबूल केलं. तिने विचार केला आणि तरीही पूर्ण भूलच मागितली. मी ती दिली. नळी सहज गेली, बाळ रडलं, आईला ते ऐकू आलं नाही. ज्युनिअरच्या चेहऱ्यावर हरल्याचा भाव होता. माझ्याही मनात तसंच काहीसं होतं, आणि तो जुना अहंकार आहे हे मला तेव्हा ओळखता आलं. नंतर तपासणीला ती आली तेव्हा कंबर पूर्वीइतकीच दुखत होती. पण या वेळी भीती वाटली नाही, असं ती म्हणाली, आणि ते तिने कंबरेआधी सांगितलं.

यावरून नियम निघत नाही. तिच्या नंतरच्या एकीने अगदी याच शब्दांत पूर्ण भूल मागितली होती. तिला फक्त सुईची लांबी ऐकून धडकी भरली होती. सुई दाखवली, हातात दिली, आणि तिने आनंदाने पाठ वाकवली. शब्द तेच, गरज वेगळी. कुणाची कुठली, हे ओळखायची खूण मला सापडलेली नाही. बाईसमोर बसून राहण्याखेरीज दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

आणि बसायला वेळ कुणाला आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूतली ४४.९ टक्के बाळंतपणं सिझेरियनची होती. महाराष्ट्रात २५.४, देशात २१.५. एवढ्या शस्त्रक्रियांना पुरायला भूलतज्ज्ञ सकाळपासून मोटारीतून एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात धावतात. बाईची आणि त्यांची पहिली भेट टेबलावर होते. त्यात इथे ज्योतिषाने दिलेली वेळ असते, राहुकाळ टाळायचा असतो, आणि नातेवाईक दाराशी घड्याळ धरून उभे असतात. ‘स्पायनल बसायची वाट कशाला बघता, झोपवा आणि उरका,’ हे वाक्य मी ऐकलं आहे. मुहूर्तासाठी भुलेचा प्रकार बदलणं मला अजिबात मान्य नाही. बाईच्या भीतीसाठी बदलणं मान्य आहे.

दुसरी काळजी उलट दिशेची. स्पायनल इतकी सरसकट झाली आहे की नवी मुलं गरोदर बाईला पूर्ण भूल द्यायला शिकतच नाहीत. ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी ती घाईत लागते: रक्त वाहतंय, प्लेटलेट उतरलेत, नाळ बाहेर आली आहे. न सरावलेला हात त्या क्षणी काय करणार? आणि नोंदी? तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं चित्रांसह लिहून ठेवली गेली, ती सरस्वती महालात आहेत. आज पुष्कळ ठिकाणी भुलेच्या कागदावर औषधाचं प्रमाण आणि बीपीचे आकडे असतात. बाई शस्त्रक्रियेत काय म्हणाली, याची ओळ त्यात नसते. माझ्या ज्युनिअरने ती ओळ लिहायला सुरुवात केली आहे. तिचा हात माझ्या तिच्या वयातल्या हातापेक्षा चांगला आहे, आणि हे मोठ्याने म्हणायला मला बरेच महिने लागले.

तुमच्या घरात कुणाचं सिझेरियन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेटायचं आहे, असा आग्रह धरा. तिला त्यांच्याशी एकटीला बोलू द्या. सासू, आई, नवरा, सगळे बाहेर थांबा. मागच्या वेळी जे घडलं ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्या, आणि दुखलं तर हात थांबवाल ना, हे तिला विचारू द्या. त्याचं उत्तर ‘हो’ असंच असलं पाहिजे. ते मिळालं नाही तर दुसरा भूलतज्ज्ञ शोधा. ठरलेल्या शस्त्रक्रियेत तेवढा वेळ असतो.