स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

गिऱ्हाईक काउंटरवर यंत्र ठेवतं आणि सांगतं, "डेड आहे." मोबाइल असो, टॅब असो की हातातला व्हिडिओ गेम, आमच्या धंद्यात निदान असं आधीच ठरून येतं. मी ते ऐकून घेतो आणि बाजूला ठेवतो. बटण दाबल्यावर पडद्यावर काही उमटत नाही, एवढंच गिऱ्हाइकाला खरं म्हणजे ठाऊक असतं. त्यामागे काहीही असू शकतं. बॅटरी तळाला गेलेली असेल, चार्जरच गेला असेल, बटणाखालचा स्विच धुळीने अडला असेल. कधी यंत्र व्यवस्थित चालू असतं आणि फक्त पडद्यामागची लाइट गेलेली असते. आत गेमही चालू असतो, पण आवाज शून्यावर ठेवलेला, म्हणून कुणाला पत्ता नाही. त्यामुळे यंत्र हातात आलं की मी बटण दाबतो आणि पडद्यावर टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघतो. फिकट का होईना, चित्र दिसलं तर निम्मी चिंता तिथेच संपते.

माझी उमेदवारी पुण्यात बुधवार पेठेत झाली, तपकीर गल्लीच्या आसपास. तेव्हा दुरुस्तीला यायचे टेपरेकॉर्डर, रिमोट, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पोरांचे ब्रिक गेम. पाठीवर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' असं ठोकून लिहिलेलं आणि आत फिरून फिरून त्याच विटा. उस्तादांचा दंडक एकच होता: आधी सेल बघ. सेल नवे आहेत असं गिऱ्हाइकाने शपथेवर सांगितलं तरी बघ. घड्याळातून काढलेले सेल गेममध्ये आणि गेममधले रिमोटमध्ये फिरवायची आपल्या घरांत रीत असते. मीटरवर दीड व्होल्टच्या जागी एक दिसला की पुढचं बोलायचं कारणच उरत नसे. उस्ताद अशा दुरुस्तीचे पैसे घेत नसत. त्याबद्दल मी आजही त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतो. निदानाला पैसे नाहीत आणि पार्टला आहेत, या सवयीनेच आमच्या धंद्यात नको ते पार्ट बदलले जातात.

खरा गेम बॉय माझ्या हातात फार उशिरा आला. दुबईहून कुणाच्या मामाने आणलेला, नंतर वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला. जपानमध्ये तो २१ एप्रिल १९८९ रोजी विक्रीला आला. निंतेंडोच्या गुनपेई योकोई यांचं ते अपत्य. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष सगळ्यांना पाठ झालेत असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, ही त्यांची धारणा. म्हणून गेम बॉयला रंग नाही, पडद्यामागे लाइट नाही. चार पेन्सिल सेलांवर तो दहा-पंधरा तास सहज चालायचा. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या लिंक्सला रंगीत, उजळ पडदा होता, पण सहा सेल टाकून तो चार-पाच तासांत गार पडायचा. बाजारात कोण टिकलं ते जगाने बघितलं. दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की योकोईंचं यंत्र उघडलं की लपवाछपवी दिसत नाही. वीज कुठून आली, कुठे पाच व्होल्ट झाली आणि कुठे गेली, हे बोटाने दाखवता येतं.

त्या माळ्यावरच्या गेम बॉयचं झाकण उघडलं तर सेल आतच राहिलेले आणि स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. ही बुरशी म्हणजे अल्कलाइन सेलमधून पाझरलेला क्षार. तो सुरीने खरवडायचा नसतो, कारण त्यासोबत पत्र्यावरचा मुलामा निघून जातो. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून टेकवलं की बारीक फेस येतो आणि क्षार सुटतो. मग पाण्याचा ओलसर बोळा, मग अल्कोहोल, मग पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं. एवढं करून सेल टाकले तरी दिवा लागेना. तेव्हा वरचा सरकता स्विच भरपूर वेळा मागे-पुढे केला. आतल्या पट्ट्यांवरचा काळपटपणा घासला गेला आणि पडद्याच्या डावीकडचा लाल दिवा लागला. गेमचं कार्ट्रिज नव्हतं, तरी वरून एक काळा पट्टा सावकाश खाली उतरला आणि 'टिंग' झालं. एरवी तिथे कंपनीचं नाव उतरतं. ते नाव यंत्र कार्ट्रिजमधून वाचतं, म्हणून कार्ट्रिज नसलं की नुसता काळा पट्टा येतो. अनेक जण त्या काळ्या पट्ट्याला बिघाड समजून यंत्र भंगारात टाकतात. मला तो दिसला की हायसं वाटतं, कारण प्रोसेसर, पडदा आणि स्पीकर तिन्ही जागेवर असल्याची ती पावती असते.

लिथियम बॅटरी आली आणि झाकण उघडून सेल बदलायची सोय गेली. सोनीच्या पीएसपीत ती अजून होती. बॅटरी हाताने निघायची, आणि बॅटरी बाजूला ठेवून नुसत्या चार्जरवरही यंत्र चालायचं. आमच्यासाठी ही केवढी सोय! बॅटरीशिवाय चालू झालं की दोष कुणाचा ते मिनिटात ठरतं. आज येणाऱ्या पीएसपींपैकी बऱ्याच जणींचं मागचं झाकण फुगलेल्या बॅटरीने उचललेलं असतं. लोक ते रबरबँड लावून दाबून आणतात. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, आणि 'थोडा वेळ चालेल' म्हणून चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, सरळ बॅटरी काढून घेतो.

पूर्ण तळाला गेलेल्या लिथियम बॅटरीची गंमत वेगळी असते. तिच्या डोक्यावर एक छोटी संरक्षक पट्टी असते. व्होल्टेज फार खाली गेलं की ती बॅटरीला बाहेरच्या जगापासून तोडते. मग टोकांवर मीटर शून्य दाखवतं आणि शिकाऊ पोरगा जाहीर करतो की बॅटरी गेली. चार्जरने थोडा वेळ हळूहळू, चिमटीने वाढल्यासारखा करंट दिला तर अशा बॅटऱ्यांपैकी पुष्कळ पुन्हा जाग्या होतात. त्या वेळात पडद्यावर काहीही दिसत नाही. घरी लोक दहा मिनिटं वाट बघतात, वायर काढतात, पुन्हा घालतात, पुन्हा काढतात. तासभर हात लावू नका, हा सल्ला ऐकून गिऱ्हाइकाला आपण काही केलंच नाही असं वाटतं. पण अशा केसमध्ये तेवढंच करायचं असतं.

आता निंतेंडो स्विच. २०१७ साली आलेलं हे यंत्र आपल्याकडे बहुतेक परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून किंवा आयात माल विकणाऱ्या दुकानांतून पोचलं. त्यामुळे बिघडलं की माणसं शेवटी आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येतात. अशाच एका ताई मुलाचा स्विच घेऊन आल्या. यंत्र टेबलावरून पडलं होतं. तेव्हा काही झालं नाही, रात्री मात्र बंद पडलं.

"दादा, आधी एकीकडे दाखवलं. ते म्हणाले बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल. नव्या यंत्राएवढेच पैसे सांगितले."

"त्यांनी उघडला होता का?"

"हो, लगेच उघडला. आत बघितलं आणि म्हणाले गेलाय."

"मीटर लावला होता?"

"ते काय ते मला नाही माहीत हो."

मी आधी पॉवरचं बटण बारा-पंधरा सेकंद दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. यंत्र मधेच अडकून पडलेलं असलं तर एवढ्यानेच ते उठतं. उठलं नाही. मग चार्जर आणि यंत्राच्या मध्ये यूएसबी मीटर घातला. बोटाएवढी ही वस्तू माझ्या टेबलावरची सर्वांत बोलकी चीज आहे. स्विचचा मूळ चार्जर आधी पाच व्होल्ट देतो. मग यंत्रातली एम९२टी३६ नावाची चिप त्याच्याशी बोलणी करते आणि व्होल्टेज पंधरावर जातं. ही बोलणी यूएसबी-सी पोर्टमधल्या बारीक पिनांवरून होतात, म्हणून पोर्टमध्ये भिंगाने बघायचं. एखादी पिन वाकली असेल, वायर तिरकी घुसवली असेल, तर तिथेच खोळंबा होतो. ताईंच्या स्विचचा पोर्ट स्वच्छ होता. मीटरवर पाच व्होल्ट, करंट जवळजवळ शून्य, आणि पंधराकडे जायची तयारी नाही. आपला चार्जर आणि वायर बदलून बघितली, तरी तेच. आता कुठे मी स्क्रू ड्रायव्हरला हात लावला.

तीन पात्यांचा ट्रायविंग स्क्रू ड्रायव्हर लागतो, आणि मागचं झाकण व पत्रा निघाला की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. ते न करता बोर्डवर चिमटा घसरला तर चांगलं यंत्रही जागेवर मरतं. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून चार्जिंगच्या भागातले कॅपॅसिटर तपासत गेलो. कॅपॅसिटरचं एक टोक बहुधा ग्राउंडला असतं, तिथे बीप येणारच. दुसऱ्या टोकालाही बीप आला म्हणजे ती लाइन शॉर्ट आहे. इथे एका लाइनवर जिथे टेकवावं तिथे बीप. एकाच लाइनवर डझनभर भाग बसलेले असतात. त्यातला एकच गुन्हेगार असला तरी मीटरला सगळेच गुन्हेगार दिसतात. बोर्ड गेला असं सांगणारे इथेच थांबत असावेत.

मी डीसी सप्लाय एका व्होल्टवर ठेवला, करंटला मर्यादा घातली आणि त्याची तार त्या लाइनला टेकवली. त्याआधी त्या भागावर ब्रशने अल्कोहोल पसरलं होतं. शॉर्ट जिथे असतो तिथून करंट वाहतो, तिथे ऊब येते, आणि ऊब आली की अल्कोहोल आधी तिथलं उडतं. मान खाली घालून, श्वास जपून बघत बसलो. सगळीकडे ओली चकाकी, आणि एका तिळाएवढ्या कॅपॅसिटरभोवती मात्र कोरडा डाग वाढत चाललेला. खाली पडल्यावर सिरॅमिकचे हे कॅपॅसिटर बाहेरून शाबूत दिसतात, पण आत चीर जाते आणि थर एकमेकांना टेकतात. यंत्र पडताक्षणी नव्हे, रात्री का बंद पडलं तेही त्या चिरेने सांगितलं. हॉट एअरने तो उचलला, पुन्हा मीटर टेकवला. बीप गेला. भंगार बोर्डवरून तसाच दुसरा काढून बसवला, बॅटरी जोडली, चार्जर लावला. मीटर थोडा वेळ पाचवर राहिला आणि मग पंधरावर गेला. पडद्यावर बॅटरीचं चित्र यायला त्यानंतरही वेळ लागला, पण मला आता घाई नव्हती.

प्रत्येक वेळी असं घडत नाही. प्रोसेसरखालची लाइन शॉर्ट असेल, किंवा पावसाळ्यात पाणी जाऊन बोर्डच्या आतले थर खाल्ले गेले असतील, तर मी परत देतो आणि आतला डेटा वाचतो का तेवढं बघतो. भिजलेलं यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवून आणणारेही पुष्कळ. तांदूळ बोर्डखालचं पाणी ओढत नाही, तांदळाची धूळ मात्र पोर्टमध्ये जाऊन बसते. भिजल्या भिजल्या यंत्र बंद करून आणलं असतं तर अल्कोहोलने धुऊन वाचलं असतं. चार दिवस डब्यात ठेवून मग आणतात, तोवर हिरवा गंज चढलेला असतो.

आमच्याच धंद्यातल्या लोकांना माझी ही पद्धत संथ वाटते. बोर्ड बदलला की काम तासात होतं आणि बिलही मोठं बनतं. तिळाएवढ्या कॅपॅसिटरची किंमत काही पैसे, त्याला शोधायला गेलेली दुपार बिलात कशी लिहायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी ती 'तपासणी' म्हणून लिहितो आणि पैसे मागतो. ताईंनी कुरकुर न करता दिले. काही जण कुरकुर करतात, आणि थोडे पुन्हा येत नाहीत. तरीही मीटर न लावता उघडायचं नाही हा नियम मी मोडत नाही. उघडण्यात नेहमी थोडं नुकसान असतं, एखादी रिबन सैल होते, एखादा स्क्रू चुकीच्या भोकात जातो. मीटर लावून बघण्यात ते नसतं.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटात असं एखादं यंत्र पडलं असेल तर आजच काढा. पेन्सिल सेलवरचं असेल तर सेल बाहेर काढून ठेवा. लिथियमचं असेल तर ते रिकामं ठेवू नका, निम्मं चार्ज करून ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा तरी चार्जिंगला लावा. झाकण उचललेलं दिसलं तर चार्जर लावू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे बॅटरी वेगळी द्या. आणि दुरुस्तीला नेल्यावर दुकानदाराने मीटर न लावता थेट स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर यंत्र परत मागून घ्या.