शनिवारचा पिक्चर

आमच्या घरात पिक्चरबद्दल मतं असायची ती बायकांना. पुरुष माणसं तंबूत जाऊन बघून यायची, वाटेनं गाणी म्हणायची, पण मत म्हणून विचारलं तर "झ्याक हाय" नाहीतर "बंडल हाय", एवढ्यावर विषय संपायचा. गंमत अशी की बायकांनी पिक्चर बघितलेलेच नसायचे.

जत्रेच्या दिवसांत नदीच्या वाळवंटात तंबू पडायचा. बायकांची बाजू वेगळी, मध्ये दोरी बांधलेली. तरी आमच्या आजोबांचा कायदा होता. देवाचा पिक्चर असेल तर घरातल्या बायका जातील, तमाशाचा असेल तर नाही. आता मराठी पिक्चरचं त्या काळात काय होतं? अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली आला, पुण्यात विजयानंदला दोन वर्षांहून जास्त चालला, आणि मग फड, फेटा, पाटील, नाचणारी यांच्याशिवाय पिक्चर काढायचाच नाही असं जणू ठरूनच गेलं. म्हणजे आजोबांच्या कायद्यानं बरेचसे पिक्चर बाद. आजीनं आणि आईनं मिळून सगळ्या जन्मात तीन-चार बघितले असतील. त्यातला एक 'श्यामची आई'.

मग आजोबा गेले आणि दोन-तीन वर्षांनी, 1986 ला, उसाच्या बिलात टीव्ही आला. काळापांढरा, लाकडी शटरचा. पत्र्यावर अँटेना. तो फिरवायचं काम माझं, आणि खालून "आलं... गेलं... आरं मागं घे!" हे ओरडायचं काम सगळ्या गल्लीचं. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर लागायचा. सोप्यात पुरुष, पोरं, शेजारपाजार. आई, आजी, आत्या आणि थोरली ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. पुढ्यात सूप आणि शेंगा. बियाण्याच्या शेंगा फोडत फोडत पिक्चर बघायचा. कुठला प्रसंग बायकांना भिडलाय ते मला न बघताच कळायचं. शेंगा फुटायच्या थांबायच्या.

'पिंजरा' लागला तेव्हा घर भरून अंगणात माणसं बसली होती. हा पिक्चर 1972 चा, दुष्काळाच्या सालातला. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. राम कदमांच्या चाली, खेबुडकरांची गाणी, ती सगळी तिनं खडीवर आणि नंतर लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर ऐकलेली. पंधरा वर्षं गाणी पाठ, आणि पिक्चर बघितलेला नाही! गाण्यांवरून तिनं मनातल्या मनात एक गोष्टही रचून ठेवली होती. तिच्या गोष्टीत गुरुजी शेवटी त्या बाईला घेऊन दुसऱ्या गावाला जातात आणि तिथं शाळा काढतात.

खरी गोष्ट तशी नाही. गुरुजी म्हणजे डॉ. लागू. गावाला वळण लावणारा माणूस. गावात आलेल्या फडाला तो हाकलतो, आणि संध्याची चंद्रकला त्याला खाली खेचायची ईर्षा धरते. तो घसरतो. मग एका भलत्याच माणसाचं प्रेत गुरुजींचं म्हणून गावाला पटतं, गावात त्यांचा पुतळा उभा राहतो, आणि शेवटी स्वतःच्याच खुनासाठी ते फासावर जातात. खरं सांगितलं तर गावाच्या मनातला गुरुजी मरेल, म्हणून गप्प राहतात. सोप्यात अण्णांसकट सगळे पुरुष डोळे पुसत होते. आमच्या शाळेतले एक गुरुजी आलेले होते, ते तर उठून बाहेर गेले.

आईनं सूप झटकलं आणि म्हणाली, "पुतळ्यापायी मेला की ह्यो. त्या बाईनं एवढं सगळं सोडलं, तिचं काय?"

अण्णा म्हणाले, "अगं, त्याग हाय त्यो."

"आसंल. पर त्याग त्येचा, आन् पाप तिचं, ही वाटणी कुणी केली?"

अण्णांनी बातम्यांसाठी आवाज मोठा केला. मी पुढं पुष्कळ ठिकाणी 'पिंजरा'वर लिहिलेलं वाचलं. जर्मन 'ब्लू एंजल'वरून तो बेतलाय हेही तेव्हाच कळलं. पण आईच्या त्या वाटणीच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठं सापडलं नाही. डॉ. लागूंचं काम थोरच आहे. गाणी तर आहेतच. तरीपण पिक्चरचा सगळा कळवळा पुतळ्याकडं आहे, हे आईनं एका बैठकीत ओळखलं.

नंतर साताठ महिन्यांनी 'कुंकू' लागला. त्या दिवशी गर्दी नव्हती. जुना, प्रभातचा, 1937 चा पिक्चर म्हटल्यावर पोरं गोट्या खेळायला गेली. अण्णा मोटर सुरू करायला मळ्यात गेलेले.

'कुंकू'तली नीरा म्हणजे शांता आपटे. मामा फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो. आणि ही पोरगी रडत बसत नाही. नवरा म्हणून मी तुला मानणारच नाही, हे ती त्याच्याच घरात राहून त्याला दाखवून देते. म्हाताऱ्याचं काम केशवराव दात्यांनी केलंय आणि तो राक्षस दाखवलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तरुण दिसायची त्याची धडपड चालते तेव्हा त्याची कीवही येते आणि चीडही. ह्या पिक्चरला वेगळं पार्श्वसंगीतच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे. आमच्या सोप्यात त्यामुळं कुठला आवाज पिक्चरमधला आणि कुठला आमच्या गोठ्यातला हे कळत नव्हतं. नीराच्या बाजूनं बोलणारी एक शहाणी बाई त्यात आहे, त्या म्हाताऱ्याचीच मुलगी. ते काम केलंय शकुंतला परांजप्यांनी. रँग्लर परांजप्यांची ही लेक संततिनियमनाचं काम करायची. म्हणजे पडद्यावर बोलत होती तसंच बाहेरही वागणारी बाई.

शेंगा केव्हाच थांबल्या होत्या. आजी बिजवरालाच दिलेली. तिचं वय तेरा, आजोबा पस्तिशीच्या पुढं, आणि घरात पहिलीचा एक मुलगा, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हे आम्हाला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्याला आपली चूक कळते, तो नीराला चिठ्ठी लिहून ठेवतो आणि जीव देतो. पिक्चर संपला. आत्या म्हणाली, "सुटली बाई बिचारी."

आजी म्हणाली, "त्यो मेला म्हनून सुटली. शाना निघाला म्हनून मेला. न्हाई निघाला तर?"

कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "आमालाबी मामाच हुता. पर न्हाई म्हनाय तोंड लागतंय. ते कुटनं आनायचं?"

त्या उन्हाळ्यात ताईला एक स्थळ आलेलं होतं. बारा एकर बागायत, घरी ट्रॅक्टर, बायको वारलेली, पदरी एक मूल. मुलगा म्हणायचा तर छत्तीस वर्षांचा. ताई एकोणीसची. अण्णांच्या मनात होतं, कारण हुंडा मागितलेला नव्हता आणि दोन बिलं अडकलेली होती. आई बोलत नव्हती, ताईला कुणी विचारलं नव्हतं. पिक्चरनंतर तिसऱ्या दिवशी अण्णा जेवायला बसल्यावर आजी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "ते ट्रॅक्टरवालं न्हाई जमायचं म्हनून सांग." अण्णांनी मान वर केली. "का, गं?" "मी सांगती म्हनून." आजीनं अण्णांना उभ्या जन्मात दिलेला हा पहिला हुकूम असावा.

पिक्चरनं स्थळ मोडलं असं मी म्हणत नाही. आजीच्या पोटात ते पन्नास वर्षं होतंच. पण तंबूत दोरीपलीकडं बसून ती असलं काही बोलली असती का? तिथं चारशे माणसं, शिट्ट्या, धूर. आणि आजोबा असते तर ती गेलीच नसती. घरात, आपल्या उंबऱ्यात, हातात आपलं काम घेऊन बघितल्यामुळं पिक्चर तिच्या टप्प्यात आला.

'कुंकू' आणि 'पिंजरा' दोन्ही शांतारामबापूंचेच. मधे पस्तीस वर्षं. मला प्रामाणिकपणे असं वाटतं, की आधीच्या पिक्चरमधली बाई पुढं होती आणि नंतरचीला मागं ढकललं. रंग आले, नाच आले, पैसा आला. "न्हाई" म्हणणारी बाई मात्र गेली. मराठी पिक्चर सुधारत गेला असं सांगतात तेव्हा मी हे दोन एकापाठोपाठ बघा म्हणतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. भालजींचा 'साधी माणसं' आमच्या गल्लीतल्या लोहाराच्या घरच्यांनी सगळ्यांनी येऊन बघितला, भात्यापुढं बसलेली जयश्री गडकर बघून त्यांची म्हातारी हरखून गेली. 'सामना' लागला तेव्हा उलटं झालं. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा, साखर कारखान्याचा तो पिक्चर बघताना बायका बोलत होत्या आणि अण्णा एकदम गप्प. निळू फुल्यांचा हिंदुराव पडद्यावर आला की आत्या कडाकडा बोटं मोडायची. हा माणूस सेवा दलातला, पुण्यात माळीकाम केलेला, साधा माणूस, असं मी तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मग आसं काम करतोच कशाला?" अण्णांनी 'सामना'वर मत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ऊस घालायला गेले ते काट्याची पावती दोनदा बघून आले.

ताईला पुढं वाईकडं दिलं. माणूस शिक्षक, वयात पाच वर्षांचं अंतर. तिच्या घरी रंगीत टीव्ही आला तेव्हा ती राखीपौर्णिमेला मला म्हणाली, "आरं, पिंजरा परत बघितला. संध्याची साडी कसल्या रंगाची हाय म्हाईतंय का तुला? आपण तर सगळं राखीच बघितलं."

आई काहीही म्हणो, ताईला 'पिंजरा'च आवडतो.