सोडणाराची सोबत

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयीं सुशिक्षित वाचकांस नवें सांगण्यासारखें आतां फारसें कांहीं उरलेलें नाहीं. पाकिटावरचीं तीं भेसूर चित्रें लहान मुलेंहि ओळखतात. तथापि तंबाखू सोडूं इच्छिणाराशीं घरच्या मंडळींनीं कसें वागावें, याचा विचार मात्र आपल्याकडे अजून व्हावा तितका झालेला दिसत नाहीं. व्यसन ज्याचें त्याचें, निश्चय ज्याचा त्याचा, आणि निश्चय मोडला तर फजितीहि ज्याची त्याची, अशी आपली सर्वसाधारण समजूत. आमच्या घरीं जें घडलें त्यावरून ही समजूत तपासून पाहावी असें आम्हांस वाटूं लागलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर यवतमाळचें. या जिल्ह्यास तंबाखू मुळींच परकी नाहीं. उन्हाळा लागला कीं झरी-जामणी, पांढरकवडा या बाजूच्या जंगलांत टेंभुर्णीचीं पानें तोडण्यास माणसें भल्या पहाटे निघतात; व्यवहारांत यासच तेंदूपत्ता म्हणतात, आणि विडी होते ती याच पानाची. शहरांत तर चौकाचौकांत पानठेला. तेथें सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नींत घोटून खर्रा तयार होतो. गुटख्यावर राज्यांत २०१२ सालीं बंदी आली; परंतु खर्रा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटला जात असल्यामुळें त्यास ना कारखाना लागत, ना दुकानाची पाटी. २०१६-१७ सालच्या राष्ट्रव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखूचें सेवन करणारे आढळले. त्यांत धूर काढणारे अवघे ३.८ टक्के, आणि चघळणारे, ओढणारे नव्हेत तर दातांस वा हिरड्यांस लावणारे मिळून २४.४ टक्के, कांहीं दोन्ही करणारे. म्हणजे आपला खरा शत्रु धुरांत दिसत नाहीं, तो गालांत दडून बसतो.

आपल्यासारख्या घरांत या शत्रूच्याहि जाती पाडलेल्या असत. सालदार बांधावर बसून ओढी ती विडी हलकी. वकिलाच्या बैठकींतली सिगारेट प्रतिष्ठित. आजोबांची तपकीर तर जवळजवळ सोंवळ्यांतली! आमच्याच जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांतल्या गहुली गांवचे वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ रोजीं राज्याचे मुख्यमंत्री झाले, व ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. त्यांच्या हातांतला पाइप त्यांच्या कर्तृत्वाइतकाच लोकांच्या लक्षांत राहिला, आणि त्या काळीं तो रुबाबाचा भाग समजला जाई. ते मुख्यमंत्री झाल्यावर महिनाभरानें, जानेवारी १९६४ मध्यें, अमेरिकेच्या सर्जन जनरलचा तो प्रसिद्ध अहवाल निघाला, व धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सरकारी मोहोरेनिशीं जगापुढें आला. आज यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास नाईकसाहेबांचें नांव आहे. शेतीच्या या कैवाऱ्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, एका पिढीचा रुबाब पुढच्या पिढीच्या दवाखान्याचा विषय होतो.

आमच्या घरीं तीन पिढ्यांत तीन प्रकार नांदत होते. काकू, वय वर्षें शहात्तर, सकाळसंध्याकाळ दांतांस तपकीर लावीत. आमचे धाकटे बंधु दिवसाला पंधरा सिगारेटी ओढीत. तिसरा प्रकार कोणाचा, तें पुढें येईलच. आमचे तीर्थरूप तोंडाच्या कर्करोगानें गेले. पानतंबाखूवांचून त्यांस दुसरा षोक नव्हता. शेवटचे चार महिने त्यांस पेजहि गिळवत नसे, आणि ती पेज चमच्याचमच्यानें भरवणारे हेच आमचे धाकटे बंधु. ज्यानें हें डोळ्यांनीं पाहिलें त्यास तंबाखूविषयीं आणखी कोणतें ज्ञान द्यावयाचें राहिलें होतें? तरीहि तेरावा झाल्यावर परसांतल्या विहिरीशीं उभे राहून त्यांनीं सिगारेट पेटविली. उपदेशाची हद्द कोठें संपते तें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

गेल्या वर्षीं पाडव्याची गुढी उभारल्यावर तेच होऊन आम्हांस म्हणाले, "दादा, आजपासून सोडतों. पण एक मागणें आहे. मला शिकवणारा नको. बरोबर सोडणारा कोणी असेल तर पाहा."

ओसरीवर सारे स्तब्ध झाले. एवढ्यांत आमचे चिरंजीव, जे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्गांत होते, खालीं मान घालून म्हणाले, "काका, मी सोडतों तुमच्याबरोबर." तूं काय सोडणार, असें कोणीं विचारलें नाहीं. त्यांनीं खिशांतून खर्ऱ्याची पन्नी काढून गुढीच्या पाटाशेजारीं ठेवली. आमच्या सौभाग्यवतींचे डोळे भरून आले, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत. आणि पुढें जें थोडेंबहुत यश आलें त्याचा पहिला हप्ता त्यांच्या त्या मौनानें भरला, असें आमचें मत आहे.

निकोटीनची ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. चिडचीड, निद्रानाश, उदासपणा, कशांतच चित्त न लागणें, हीं सारीं त्या ओढीचींच रूपें. हें वाचून ठाऊक असणें निराळें, आणि चैत्रांतल्या यवतमाळच्या उन्हांत, बारा माणसांच्या घरांत, तिसऱ्या दिवशींच्या माणसाबरोबर राहणें निराळें. भाजींत मीठ कमी पडलें म्हणून बंधूंनीं ताट सरकविलें. मुलांच्या गलक्यानें त्यांचें डोकें उठे. इकडे घरचीं माणसेंहि आपापल्या परीनें मदत करूं लागलीं, आणि त्या मदतीनेंच काम बिघडत चाललें. आमच्या भावजयी धुण्यास टाकलेला सदरा हुंगून पाहत. कोणी येतां-जातां "आज कितवा दिवस?" म्हणून विचारी. कोणी तीर्थरूपांच्या तसबिरीकडे बोट दाखवी. सर्वांची माया खरी होती. परंतु त्या मायेस पहारेकऱ्याचा वेष चढला होता.

नवव्या रात्रीं एका पाहुण्यांनीं थट्टेनें म्हटलें, "नऊ दिवस झाले, नवरात्र संपलें, आतां पारणें केव्हां?" बंधु उठले, चपला पायांत घातल्या आणि बाहेर पडले. त्यांच्यामागें चिरंजीव गेले. पुढची हकीकत आम्हांस मागाहून कळली. आर्णी रस्त्याच्या बाजूस एक पानठेला उघडा होता. बंधूंनीं खिशांतून नोट काढली. चिरंजीवांनीं हात धरला नाहीं, कीं आजोबांचें नांव काढलें नाहीं. ते इतकेंच म्हणाले, "काका, तुम्ही घेतलीत तर मीहि घेतों, मलाहि आतां राहवत नाहीं. नाहीं घेतलीत तर आणखी एक फेरी मारूं." बंधूंनीं नोट पुन्हा खिशांत घातली. दोघे रात्रीं बारापर्यंत चालत होते. ज्यास स्वतःस तहान लागलेली आहे त्याचेंच ऐकावें असें तहानलेल्यास वाटतें, हें या प्रसंगाचें सार.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं माजघरांत सर्वांची बैठक झाली, आणि ती काकूंनीं बोलाविली. तेथें जें ठरलें तें वाचकभगिनींच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें नमूद करतों. दिवस मोजावयाचे ते सोडणारांनीं, इतरांनीं नव्हेत. कपडे हुंगणें, खिसे तपासणें बंद. रागाच्या शब्दास तीन आठवडे उत्तर द्यावयाचें नाहीं, व त्याची आठवण चवथ्या आठवड्यांतहि काढावयाची नाहीं. चहाबरोबर सिगारेट येते, म्हणून दुपारच्या चहाच्या जागीं ताक. जेवण होतांच तलफ येते, म्हणून हात धुतल्याबरोबर कोणीतरी त्यांच्यासह परसांत शतपावलीस निघावयाचें. तलफेचा एकेक उमाळा कांहीं मिनिटांपुरताच असतो. तेवढा वेळ सोबतीनें काढला कीं तो ओसरतो. आणि शेवटचा ठराव असा कीं, घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसानें या काळांत स्वतःची एकेक आवडती वस्तु सोडावयाची.

या ठरावास अनुसरून आम्हीं जेवणानंतरची सुपारी सोडली. सुपारी म्हणजे निरुपद्रवी, सात्त्विक मुखशुद्धि, असा आपल्या घरांतून समज आहे; परंतु कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००४ सालींच ती तंबाखूवांचूनहि माणसास कर्करोगकारक ठरविलेली आहे. चवथ्या दिवशीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां आमचा हात आपण होऊन तबकाकडे गेला, व तें रिकामें पाहून जी खिन्नता वाटली ती सुपारीच्या मानानें फारच मोठी होती. बंधूंच्या पंधरा सिगारेटींचा हिशेब आम्हांस त्या क्षणीं जितका समजला तितका पूर्वीं कोणत्याहि पुस्तकानें समजविला नव्हता. तबकांत आतां बडीशेप व लवंगा असतात.

आमच्या या घरगुती अनुभवास शास्त्राचाहि दुजोरा आहे. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथें १९७१ पासून २००३ पर्यंत १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्यांचा व धूम्रपानाचा माग ठेवण्यांत आला, व निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. पति-पत्नींपैकीं एकानें सोडली तर दुसऱ्यानें ओढीत राहण्याचा संभव ६७ टक्क्यांनीं घटतो, भावंडानें सोडली तर २५ टक्क्यांनीं, मित्रानें सोडली तर ३६ टक्क्यांनीं, असें त्यांत दिसून आलें. माणसें एकेकटीं सुटत नाहींत, घोळक्यानें सुटतात. शेल्डन कोहेन व एडवर्ड लिख्टेनस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं दुसरी बाजू दाखविली. जोडीदाराच्या टोमण्यांच्या मानानें त्याचें प्रोत्साहन जितकें अधिक, तितका सोडणारा टिकण्याचा संभव अधिक. आणि हें केवळ घरापुरतें नाहीं. आमच्या पूर्वेस चंद्रपूर ओलांडलें कीं गडचिरोली जिल्हा लागतो. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागानें २०१६ सालीं 'मुक्तिपथ' हें दारू-तंबाखूविरोधी कार्य सुरू झालें, तेंहि एकेका माणसापेक्षां सबंध गांवास हातीं धरूनच.

सोबत म्हणजे औषधास रजा, असें मात्र कोणी समजूं नये. बंधूंनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं आठवडे निकोटीनचा गम वापरला. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. चिरंजीवांनीं त्याचा लाभ घेतला. घरच्यांपाशीं बोलवत नाहीं असें पुष्कळ कांहीं परक्या आवाजापाशीं बोलतां येतें.

सातव्या आठवड्यांत चिरंजीव मित्राच्या लग्नास दारव्ह्यास गेले, आणि तेथें खर्रा खाऊन आले. घरीं येतांच त्यांनीं आपण होऊन तें सांगितलें. ओसरीवर पुन्हा एकदां स्तब्धता पसरली. काकू म्हणाल्या, "सांगितलंस ना? मग झालं. जेवायला बस." बंधु ताटावरून उठले, आणि चिरंजीवांचें जेवण होईतों थांबून दोघे शतपावलीस गेले. घसरणें आणि पडून राहणें यांत जें अंतर आहे तें पुष्कळदां घरच्यांच्या पहिल्या वाक्यावर अवलंबून असतें. त्या दिवशीं आमच्या घरीं एखादें तिखट वाक्य निघतें, तर पुढची पन्नी त्यांनीं लपविली असती. आणि लपविलेल्या व्यसनास सोबत करतां येत नाहीं.

यंदाच्या पाडव्यास बंधूंस वर्ष पुरें झालें. धूम्रपानामुळें वाढलेला हृदयविकाराचा धोका वर्षभरांत निम्म्यावर येतो, असें वैद्यकशास्त्र सांगतें. आमच्या भावजयी मात्र त्यांची रात्रींची खोकल्याची उबळ थांबली हाच नफा मोठा मानतात. चिरंजीवांचे दहा महिने झाले आहेत. काकूंची तपकीर दोन वेळांवरून एका वेळेवर आली आहे, आणि तेवढी एक वेळ आम्ही कोणी त्यांच्यापाशीं काढीत नाहीं. त्या दिवशीं मात्र त्याच बंधूंस म्हणाल्या, "श्रावण लागला की ही पण सोडीन म्हणते. तेव्हा तू आहेस ना बरोबर?"

ज्यांच्या घरीं कोणी असा निश्चय करण्याच्या बेतांत असेल त्यांस आमचें एवढेंच विनविणें आहे. संकल्पाच्या दिवशीं पेढे वांटूं नका. पेढे तिसऱ्या दिवसासाठीं ठेवा. आणि त्याहून आधीं, त्याच्याबरोबर आपण स्वतः काय सोडणार आहोंत, तें एकदां ठरवून ठेवा.