एकसंध कीं सुटें?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या पवनीच्या घरांत दोन पक्ष पडले, आणि त्यास एक संगणक कारण झाला. जुना संगणक दहा वर्षें इमानेंइतबारें चालला होता. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची देखभाल थांबविली, आणि नव्या आवृत्तीस आपण पात्र नाहीं हें त्या यंत्रानें स्वतःच पडद्यावर जाहीर केलें. निवृत्तीनंतर असे निकाल आमच्याही वाट्यास येत असल्यामुळें आम्हांस त्याचें फारसें दुःख झालें नाहीं. आमच्या बारा वर्षांच्या नातवास मात्र आपला आनंद लपवितां आला नाहीं.

नव्या यंत्राकडून आमच्या अपेक्षा बेताच्याच होत्या. विजेचें बिल भरावें, आमचें थोडेंबहुत लेखन व्हावें, नातवाचा अभ्यास व्हावा आणि संध्याकाळीं तासभर त्याचा खेळ व्हावा. पहिल्या तीन कामांस आजचा कोणताही संगणक पुरून उरतो. निवड करावयाची ती चौथ्यासाठीं. खेळाकरितां का कोणी पन्नास हजार रुपये खर्च करतें, असें आमच्या वडिलांनीं खचित विचारलें असतें. परंतु सारीपाट मांडून रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत जागणारेही तेच होते, हें आम्ही विसरलों नाहीं.

नागपुरास नोकरी करणारे आमचे चिरंजीव ऑल-इन-वनच्या पक्षाचे. पडदा, यंत्र आणि ध्वनी हीं सारीं एकाच चौकटींत बसविण्याची ही कल्पना जुनीच आहे. १९७७ चा कमोडोर पेट त्याच घराण्यांतला, आणि १९९८ मध्यें निघालेल्या ॲपलच्या आयमॅकनें तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. चिरंजीवांचें म्हणणें वाजवी होतें. "बाबा, एक वायर लावली कीं झालें. टेबलाखालीं पाय अडकत नाहींत, वीज कमी लागते, आईला झाडतां-पुसतांना त्रास नाहीं." एवढें बोलून ते थांबले असते तर आम्ही कदाचित् मान्यही केलें असतें. परंतु ते पुढें म्हणाले, "आणि जूनमध्यें बाबू आमच्याकडे शिकायला आला, कीं चादरींत गुंडाळून गाडींत ठेवतां येईल." हें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें, त्याचें कारण पुढें येईल.

बाजारांत संगणक दुरुस्त करणारा एक तरुण आमचा जुना विद्यार्थी आहे. त्यास आम्हीं किती वेळां बाकावर उभें केलें याचा हिशेब नाहीं. आतां त्याच्या दुकानांतील स्टुलावर बसून धडा घेण्याची पाळी आमची होती. "गुरुजी, ऑल-इन-वन म्हणजे उभा केलेला लॅपटॉप समजा," असें म्हणून त्यानें विषयास आरंभ केला. बहुतेक ऑल-इन-वनमध्यें लॅपटॉपसाठीं केलेला, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर असतो. खेळांतील चित्रें उमटविण्याचें काम त्याच्याच पोटांतील लहानसा भाग करतो; पुढेंमागें निराळें ग्राफिक्स कार्ड बसवावें म्हटलें तर त्यास आंत जागा नसते. शिवाय खेळतांना यंत्र तापतें, पातळ पाठींतून उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं, आणि तापलेला प्रोसेसर आपल्या बचावासाठीं वेग कमी करतो. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जाणाऱ्या आमच्या मुलुखांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

मग त्यानें डेस्कटॉपचा डबा उघडला. आंत मोकळी जागा होती, मोठा पंखा होता, आणि मदरबोर्डावर एक लांबट खोबण रिकामी होती. "कार्ड इथें बसतें, गुरुजी. या खोबणींतूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. तेवढ्यावर चालणारें लहान कार्ड असलें तर निराळी वायरसुद्धां जोडावी लागत नाहीं. आज घेऊं नका. पोराला गरज लागेल तेव्हां घ्या." जें आज नको त्यासाठीं जागा राखून ठेवावी, हा सल्ला विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून आम्हांस त्या बाकावरच्या शिक्षेचा थोडा पश्चात्ताप झाला.

दुरुस्तीचा अनुभव तर घरांतलाच होता. आमच्या धाकट्या बंधूंनीं असेंच एक देखणें ऑल-इन-वन घेतलें होतें. पावसाळ्यांत एका रात्रीं विजेचा कडकडाट झाला आणि दुसऱ्या दिवशीं पडदा उजळेना. इतर भाग धडधाकट असतील नसतील. पण पडदा निराळा काढतां येईना, म्हणून सगळें यंत्र सुमारें ८० किलोमीटरांवर नागपुरास धाडावें लागलें. तें सात आठवड्यांनीं परत आलें, आणि त्यासोबत आलेलें बिल पाहून बंधूंचा चेहरा त्या पडद्यासारखा झाला. डेस्कटॉपचा पडदा बिघडला तर शेजाऱ्याचा आणून लावतां येतो. वीज पुरविणारी पेटी जळाली तर तेवढीच बदलतां येते. लहान गांवांत हा मोठाच आधार.

खेळांचाही विचार आम्हीं केला. नागपूरच्या दिव्या देशमुखनें जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे बुद्धिबळाचा पट पुन्हां निघाला आहे. त्या खेळास कसलेंच कार्ड लागत नाहीं. नातवाच्या आवडीचा स्टारड्यू व्हॅली हा एरिक बॅरोन या एकट्या गृहस्थानें रचून २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेला खेळ साध्या यंत्रावरही सुखानें चालतो. त्यांत शेती करावयाची असते. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीकडे न फिरकणारें हें पोर पडद्यावरील वाफ्यांना झारीनें पाणी घालतांना पाहून आमच्या घरांतून जें ऐकूं येतें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. परंतु पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० मध्यें काढलेल्या राजी या खेळासारखे खेळ यंत्राकडून अधिक मागतात. आणि नातू बारा वर्षांचा आहे, तो तेराचा होणार आहे.

हाच मुद्दा आम्हीं चिरंजीवांस फोनवर ऐकविला. आमच्या गांवच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्यें उत्खनन झालें, तेव्हां तेथील बौद्ध स्तूप एका दमांत उभा राहिलेला नसून निरनिराळ्या काळीं त्यास भर पडत गेल्याचें दिसून आलें. टिकावयाची वस्तु अशी वाढीस जागा ठेवणारी असावी, असें आम्हीं सांगितलें. चिरंजीव हंसून म्हणाले, "बाबा, स्तूप दोन हजार वर्षें टिकला. संगणक सहा-सात वर्षें टिकेल." त्यांनीं असेंही सुचविलें कीं, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे भडकले तें पाहा; पुढें घेऊं म्हणजे स्वस्त घेऊं असें नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आपले सारे युक्तिवाद एकामागून एक तपासून पाहिले. उष्णतेचा खरा, दुरुस्तीचा खरा, खोबणीचाही खरा. परंतु त्या सर्वांच्या तळाशीं एक निराळीच गोष्ट निघाली, आणि तिचा संगणकाशीं कांहीं संबंध नव्हता. ऑल-इन-वन चादरींत गुंडाळून नेतां येतें. डबा, पडदा आणि वायरींचें जाळें नेणें त्रासाचें असतें. यंत्र येथें राहिलें तर त्याच्या ओढीनें तरी पोर दर सुट्टीस येईल, असा आमचा आंतल्या आंत हिशेब चालला होता. आयुष्यभर मुलांस प्रामाणिकपणा शिकविल्यानंतर हें कळून यावें, याची आम्हांस लाज वाटली. सकाळीं आम्हीं चिरंजीवांस फोन करून तें सांगितलें. पलीकडून बराच वेळ उत्तर आलें नाहीं. मग ते म्हणाले, "डेस्कटॉपच घ्या, बाबा. पवनीलाच राहूं द्या. तिकडे त्याला यायलाच हवें."

याप्रमाणें रायझन ५ ८६००जी हा, पोटांतच बऱ्यापैकीं चित्रशक्ति असलेला प्रोसेसर घेतला. अशा प्रोसेसरास चित्रांसाठीं रॅममधूनच वाटा घ्यावा लागतो, आणि दोन पट्ट्या असल्या कीं ती देवघेव जलद होते. म्हणून आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या बसविल्या. जुना पडदा व जुना कीबोर्ड कायम ठेवल्यामुळें रक्कम पंचावन्न हजारांच्या आंत राहिली. ऑल-इन-वन घेतलें असतें तर ते दोन्ही माळ्यावर गेले असते. ज्याचा खेळ सदैव पत्ते-बुद्धिबळापुरताच राहणार, ज्याची जागा अपुरी आणि दुरुस्तीचें दुकान हाकेच्या अंतरावर, त्यानें खुशाल ऑल-इन-वन घ्यावें; आमची त्याच्याशीं तक्रार नाहीं.

यंत्र जोडून झाल्यावर नातवानें डब्याची बाजू उघडून ती रिकामी खोबण आजीस दाखविली. कार्ड आपण दिवाळीच्या पैशांतून घेणार, तोंवर तेथें कोणी कांहीं बसवूं नये, अशी ताकीदही दिली. "आणि तोंवर आम्हीं काय करावें?" आम्हीं विचारलें.

"तुम्ही बुद्धिबळ खेळा, आजोबा," तो म्हणाला. "त्याला कार्ड लागत नाहीं. मी आलों कीं तुमचा डाव पाहीन."