पांढरा डाग

तळपाय कोण बघतं? अंगाचा सगळा भार तो वाहतो, पण काटा रुतल्याशिवाय त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या टाचेवर काळा ठिपका दिसला तेव्हा घरात कुणी म्हणालं कुरूप असेल, कुणी म्हणालं तीळ आहे, चांगलाच. तो पसरत होता. एका कडेला शाईसारखा गडद, दुसरीकडे तपकिरी, आणि कड कुठेच सरळ नाही. तुकडा तपासायला गेला आणि कागदावर नाव आलं: मेलानोमा.

हा गोऱ्या लोकांचा, उन्हाचा आजार, असंच मी ऐकून होते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तो खूप आढळतो, हे खरं. आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य उन्हापासून राखण करतं, म्हणून आपल्याकडे तो विरळ. पण होतो तेव्हा बरेचदा तळव्यावर नाहीतर नखाखाली होतो, जिथे ऊन पोचतच नाही. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असं आधी वाटलं होतं. 1981 साली, 36व्या वर्षी तो गेला. म्हणून भेटेल त्याला मी सांगते, आंघोळीनंतर पाय पुसताना तळवा एकदा उजेडात धरा. आईवडिलांचेही पाय बघा, त्यांना वाकून दिसत नाही.

टाचेचा तेवढा भाग काढला, जांघेतल्या गाठी काढल्या. पुढे फुप्फुसात ठिपके दिसले आणि इम्युनोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी डे-केअरमध्ये जायचं, सिस्टर शीर शोधतात, पाण्यासारखं नितळ औषध अर्ध्या तासात सलाईनमधून आत जातं. केस जात नाहीत. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना आजारावर विश्वास ठेवणं जड जातं.

हे औषध कर्करोगाला थेट मारत नाही. आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीरभर गस्त घालतात. त्यांनी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेला असतो, आणि कर्करोगाची पेशी नेमका तोच दाबून धरते. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला 1992 साली पीडी-1 नावाचा असा एक ब्रेक सापडला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी दुसऱ्या एका ब्रेकवर काम केलं. 2018 साली दोघांना मिळून नोबेल मिळालं. ब्रेकवरचा दाब औषध काढतं, लढायचं काम आपल्याच पेशी करतात. हे समजल्यावर शरीरावरचा माझा राग ओसरला.

पण मोकळ्या सुटलेल्या पेशी कुठे थांबतील याचा नेम नसतो. माझी थायरॉइड ग्रंथी त्यांनी निकामी केली. आता रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी. जुलाब लागले तर जायफळ उगाळत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. आतड्याला सूज असेल तर स्टेरॉइड वेळेवर लागतं.

मग भुवया पांढऱ्या होऊ लागल्या. मनगटावर दुधी रंगाचे डाग उमटले, कडा अगदी स्वच्छ. जाऊबाईंनी हळूच विचारलं, "कोड तर नाही ना हे? घरात लग्नाची मुलगी आहे." डॉक्टरांनी मात्र माझं मनगट दिव्याखाली धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मेलानोमा रंग तयार करणाऱ्या पेशींतूनच उपजतो. टी पेशी त्याला ओळखायला शिकल्या की त्याच वाणाच्या निरोगी पेशींवरही त्यांचा हात पडतो, आणि तिथली त्वचा पांढरी होते. ज्यांना असे डाग येतात त्यांच्यात औषध लागू पडण्याचं प्रमाण जास्त दिसलेलं आहे. "हमी नाही," ते म्हणाले, "पण मला आनंद झाला." मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवायला टाकले होते, ते रद्द केले. कोड संसर्गजन्य नाही, त्याने कुणाचं काही बिघडत नाही, आणि तरी त्यापायी आपल्याकडे किती मुलींची लग्नं मोडली! पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे मीच बाहेर नेला. तिनेच तसा हट्ट धरला होता.

आशा किती धरायची? पूर्वी पसरलेल्या मेलानोमात निम्मे रुग्ण वर्षभरही काढत नसत. दोन ब्रेक एकदम सोडवणाऱ्या औषधांच्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी 43 टक्के रुग्ण हयात होते. टाचेवरच्या प्रकारात ही औषधं तितक्या जणांना लागू पडत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. शिवाय खर्च लाखांत. डे-केअरच्या दारात बिलाचा कागद घडी करत उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ते मला सहन होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात अशाच औषधाची नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रा देऊन पाहिली. 2022 साली आलेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं होतं. मेलानोमासाठी तो पुरावा नाही, पण आपल्या देशाला नेमकं असंच संशोधन हवं आहे.

आता दोन वर्षं होत आली, फुप्फुसातले ठिपके विरले आहेत आणि डॉक्टर औषध थांबवू म्हणतात. सुरू करताना वाटली नव्हती एवढी भीती थांबवताना वाटते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरण मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. 2015 साली, नव्वदीत, त्यांच्या यकृतात आणि मेंदूत मेलानोमा निघाला. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि याच जातीचं औषध घेऊन ते त्यातून बाहेर आले, पुढच्या मार्चमध्ये उपचार थांबले आणि 2024च्या डिसेंबरात, शंभरी पार करून ते गेले. शिकलेल्या टी पेशी औषधाशिवायही ओळख ठेवू शकतात, असं डॉक्टर समजावतात. मी हो म्हटलं आहे. फक्त पुढच्या स्कॅनची तारीख आधी लिहून घेतली, मगच खुर्चीवरून उठले.