ऑफाचा बांध

लेकीकडे बर्मिंगहॅमला गेलो असताना एक दिवस आम्ही दोघे नाइटनला जाऊन आलो. स्टेशन इंग्लंडमध्ये आणि गाव वेल्समध्ये! मध्ये टेम नदी. वेल्श भाषेत या गावाच्या नावाचा अर्थच 'बांधावरचे गाव' असा आहे.

हा बांध ऑफा राजाचा. इ.स. ७५७ ते ७९६ या काळात तो मर्सियाच्या गादीवर होता. वेल्सच्या राज्यांना पलीकडे ठेवण्यासाठी त्याने मातीचा लांबलचक बांध घातला. पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या बाजूला, खंदक खणायचा आणि निघालेली माती अलीकडे रचायची, अशी त्याची रीत. खंदकासह त्याची रुंदी काही ठिकाणी वीस मीटरपर्यंत होती. आज मात्र त्यावर गवत आहे, मेंढ्या चरतात. देशांची सध्याची सीमा बहुतेक ठिकाणी या बांधाला सोडूनच जाते.

याच ऑफाचे सोन्याचे एक नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बगदाद वसवणारे खलिफा अल-मन्सूर यांच्या काळातल्या, हिजरी १५७ च्या दीनारवरून ते उतरवले आहे. त्यावर अरबीत तौहीदची ग्वाही आहे, 'मुहम्मद रसूलुल्लाह' आहे आणि त्याच ओळींमध्ये लॅटिन अक्षरांत 'ऑफा राजा'. कारागिराला अरबी येत नसावी. राजाचे नाव अरबीच्या मानाने उलटे पडले आहे. शेजाऱ्याला बांधाने अडवणाऱ्या राजाच्या टांकसाळीत बगदादची अक्षरे पोहोचली होती!

त्या बांधावर बसून डबा खाताना आम्हाला गावचा बांध आठवला. चुलतभावाने तो कोरला म्हणून सहा वर्षे आमचे येणे-जाणे बंद आहे. आमच्या नांगराने तो कधी कोरला नाही, असे मात्र छातीवर हात ठेवून सांगता येईना. वीतभर जमीन जुलमाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा तौक पडेल, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. तो आम्ही नेहमी भावालाच लागू करत आलो.

जोहरची नमाज तिथेच गवतावर अदा केली. परतल्यावर मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीने द्यायचा आणि हद्दीचा दगड जिथे येईल तिथे मान्य करायचा, असे ठरवले. पण त्याआधी, इन्शाअल्लाह, येत्या ईदला भावाच्या घरी शीरखुर्मा प्यायला आम्हीच जाणार आहोत.