हात हलका ठेव

हिंजवडीत दाढीसाठी रेझर निवडायचा तर आधी पाण्याचा विचार करावा लागतो. माणच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात, आणि टँकर नसेल तेव्हा बोअरचं पाणी. दोन्ही जड. साबण घासला तर फेस धरण्याआधी पांढरा थर येतो, बादलीच्या काठाला क्षार बसतो, नळाच्या जाळीची भोकं महिन्याभरात बुजतात. मूठ फिरवली की डोक्याचे दोन दरवाजे उघडतात, तो बटरफ्लाय जातीचा रेझर दुकानात फार देखणा दिसतो. पण या पाण्यात त्याच्या बिजागरीत क्षार आणि साबणाचा गाळ जाऊन बसतो आणि तो अडकायला लागतो. म्हणून मी साधा तीन भागांचा रेझर घेतला. वरची टोपी, खालची पट्टी आणि मूठ. आटे सोडले की तिन्ही सुटे होतात, जुन्या टूथब्रशने घासता येतात आणि थोडा वेळ व्हिनेगरच्या पाण्यात ठेवले की पुन्हा लखलखतात. फेसासाठी मात्र मी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं वाटीभर पाणी घेतो. तेवढ्या पाण्यात ब्रश भिजवला की क्रीमचा असा दाट फेस येतो की गालावर ठेवला तर ओघळत नाही.

या रेझरकडे येण्याआधी बरीच वर्षं मी तीन पात्यांच्या आणि मग पाच पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी करत होतो. आयटी पार्कमध्ये नोकरीला लागलो तेव्हा रोज गुळगुळीत दाढी करून जाणं ही आम्हा खेड्यातून आलेल्या मुलांना आपल्या कामाइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटायची. माझे केस राठ आणि कुरळे. गळ्यावर सतत लाल पुळ्या, काहींत आत वळलेला केस. त्वचेच्या डॉक्टरांनी कारण नीट समजावून सांगितलं. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केसाला धरून थोडं वर ओढतं आणि मागचं पातं त्याला तिथे कापतं. तुटलेला केस मग मागे सरतो, कातडीच्या पातळीखाली जातो. सरळ केसाचं त्यात काही बिघडत नाही, पण कुरळा केस वाढताना वळतो आणि आतल्या आत कातडीत शिरतो. एकाच पात्याने, कातडीच्या पातळीवर कापा, इतकाच त्यांचा सल्ला होता. दोन पात्यांचं कार्ट्रिज १९७१ मध्ये आलं, तीन पात्यांचं १९९८ मध्ये, पाचाचं २००६ मध्ये. माझ्या गळ्याला यातल्या एकाचीही गरज नव्हती.

आणि एका पात्याचं काम हिंजवडीत रोज, उघड्यावर, माझ्या डोळ्यांसमोर चालू होतंच. शिवाजी चौकाच्या पुढे ओळीने सलून आहेत. कुठल्याही सलूनमध्ये बसा. कारागीर दोन धारांचं ब्लेड त्याच्या कागदासकट मधोमध वाकवतो, कट्‌ असा आवाज होतो, अर्धं ब्लेड वस्तऱ्यात बसतं आणि अर्धं कागदात पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतं. आधी चामड्याच्या पट्ट्यावर घासलेला एकच वस्तरा गावभर फिरायचा. एड्सची जनजागृती झाली तेव्हापासून गिऱ्हाईक खुर्चीत टेकता टेकताच “नवीन ब्लेड लाव” म्हणायला लागलं, आणि आज तसं सांगावंही लागत नाही. जाहिरातींनी घराघरांतून हुसकावलेलं हे ब्लेड कारागिराच्या हातून कधी गेलंच नाही. दिवसभर लोकांच्या गळ्यावर धार चालवणारा माणूस ज्यावर विश्वास ठेवतो, ते माझ्यासाठी पुरेसं प्रमाण आहे.

पण माझ्या घरी हा रेझर सलूनमधून आलेला नाही. सलूनची दारं आमच्यासाठी बंद होती, त्या काळात तो आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिलं आहे. गावात न्हावी नव्हते असं नाही, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नसे. भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. त्याच लेखनात १९०१ सालच्या त्यांच्या प्रवासाची हकिकत आहे. आणि त्याच १९०१ साली, सातासमुद्रापलीकडे बोस्टनमध्ये, किंग कॅम्प जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याने पातळ, फेकून देता येणाऱ्या ब्लेडचा रेझर काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. कागदाइतक्या पातळ पोलादाला धार लावायची कशी, हे विल्यम निकर्सन या अभियंत्याने सोडवलं. १९०३ मध्ये जेमतेम ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या जवानांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. हे आकडे मी पुष्कळदा वाचले आहेत. प्रत्येक वेळी माझ्या मनात येतं ते एवढंच, की या वस्तूने माणसाला न्हाव्याशिवाय दाढी करता येऊ लागली; आणि ज्यांना न्हावीच मिळत नव्हता, त्यांच्या दृष्टीने त्याचं मोल कोणी मोजलंच नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, महार रेजिमेंटमध्ये होते. ही रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि आबा त्यानंतर लवकरच भरती झाले. पलटणीत सगळ्यांनी रोज सकाळी दाढी करायची, तीही स्वतः. आबा सुटून गावी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक पितळी रेझर होता. साताऱ्याकडच्या आमच्या गावात तोवर महारवाड्यात न्हावी येत नसे; वस्तीतलाच एक म्हातारा कातरीने केस कापायचा. आबांच्या रेझरने सगळी वस्ती दाढी करू लागली. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, हे लहानपणी पाहिलेलं. रविवारी सकाळी लिंबाखाली माणसं बसायची. रेझर एक, पण ब्लेड प्रत्येकाचं वेगळं. ते त्याच्याच कागदात गुंडाळून ठेवायचं आणि कागदावर शिसपेन्सिलने खूण. ज्याला अक्षर येत होतं त्याचं नाव, ज्याला येत नव्हतं त्याची फुली, चांदणी, नांगर. नांगराची खूण कोणाची होती ते आप्पा अजून सांगतात.

हे मी न्हावी समाजाला बोल लावायला लिहीत नाही. बलुतेदार गावाच्या धाकात असे. त्याचं वर्षाचं धान्य गावाच्या खळ्यावरून यायचं. याच समाजातल्या कारागिरांनी १८९० मध्ये मुंबईत एकत्र येऊन विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा उचलणार नाही असं ठरवलं, आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हातात वस्तरा आहे म्हणून तो कुठे चालवायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला. मला त्या कारागिरांविषयी फार आदर वाटतो.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. पहिल्या गाडीची ड्युटी असली की पहाटे चारला उठून, खिडकीच्या गजाला आरसा टेकवून दाढी करायचे. रेझर आबांचाच. ब्लेड कधी टोपाझ, कधी भारत, हात सैल असेल त्या महिन्यात सेव्हन ओक्लॉक. ब्लेड बोथट झालं की ते काचेचा ग्लास घ्यायचे, आत थोडं पाणी, आणि ब्लेड ग्लासाच्या आतल्या गोलाईला बोटाने दाबून पुढे-मागे फिरवायचे. काचेवर पोलादाचा बारीक, ओला आवाज यायचा. त्यानंतर ते ब्लेड आणखी एक-दोन दाढ्या द्यायचं. पुढे ते दाढीतून निवृत्त व्हायचं, घरातून नाही. आई त्याने ब्लाउजची शिवण उसवायची. मग ते मोडून अर्धं माझ्या कंपासपेटीत यायचं, पेन्सिलीला टोक करायला. अगदी गंजलं की आप्पा ते न्हाणीच्या मातीच्या भिंतीतल्या फटीत सरकवून द्यायचे. पोरासोरांच्या पायाला लागू नये म्हणून.

मला दाढी करायला आप्पांनीच शिकवलं. त्यांचं सांगणं थोडकं होतं. “हात हलका ठेव. जोर न्हाई लावायचा, त्याच्या वजनानं उतरू दे.” आता वाचल्यावर कळतं की या रेझरचं सगळं शास्त्र एवढंच आहे. टोपी गालाला टेकवायची, मूठ आडवी धरून हळूहळू खाली आणायची. एका जागी खुंट धारेला लागतात आणि खरखर ऐकू येते. तो कोन साधारण तीस अंशांचा असतो. तो धरून ठेवायचा. आधी सुलट, मग पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात गळ्याला मी मारतच नाही. कार्ट्रिजचं डोकं स्वतःच वळतं, त्यामुळे दाबायची सवय लागते. इथे कोन आपण सांभाळायचा असतो, म्हणून लक्ष द्यावं लागतं. सकाळी फोन हातात घेण्याआधी पाच-सात मिनिटं एकाच गोष्टीकडे पूर्ण लक्ष असतं, हे मला या रेझरचं मोठं देणं वाटतं.

निवडताना आणखी काय पाहावं, ते सांगतो. डोक्याची खालची पट्टी दातेरी असते किंवा सलग. दातेरी पट्टी अनेक दिवसांच्या वाढलेल्या दाढीला बरी, रोजच्या दाढीला सलग पट्टी. टोपी आणि पट्टी यांच्यातून धार किती बाहेर डोकावते त्यावर रेझर मवाळ की कडक ते ठरतं. रोज करणाऱ्याने मवाळच घ्यावा. मूठ थोडी वजनदार हवी, म्हणजे जोर लावायचा मोह होत नाही, आणि तिच्यावर खडबडीत नक्षी हवी, कारण हात साबणाचे असतात. स्वस्त रेझरचं डोकं आणि आटे जस्ताच्या मिश्रधातूचे, वर क्रोमचा मुलामा. फरशीवर पडला की आट्यापाशी तुटतो. पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचा मिळाला आणि परवडला तर तोच घ्या. आबांचा रेझर पितळी होता म्हणून तिसऱ्या पिढीला पाहायला मिळाला. तो मी आणला नाही, कारण आप्पा अजून त्यानेच दाढी करतात.

ब्लेडच्या बाबतीत मात्र मन मोकळं ठेवावं. जिलेटच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि जगभरचे कारखाने त्याच मापाचं ब्लेड करू लागले. लांबी सुमारे ४३ मिलिमीटर, रुंदी २२, जाडी एका मिलिमीटरचा दहावा भाग. जपानच्या सेकीचं फेदर असो, नाहीतर ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सने वर्षानुवर्षं जगाला पुरवलेलं सुपरमॅक्स, आबांच्या रेझरमध्ये ते बसतंच. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एकदा एका कंपनीची प्रणाली घेतली की पुढची सगळी खरेदी तिच्याकडूनच करावी लागते, हे आम्ही रोज पाहतो, आणि त्यातून सुटायला गिऱ्हाइकाला किती पैसे मोजावे लागतात तेही. कार्ट्रिजचं गणित तेच आहे. दोन धारांच्या ब्लेडचं माप कोणाच्या एकाच्या मालकीचं नाही, म्हणून ते आजही काही रुपयांत मिळतं. वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं आणून प्रत्येकाला आठवडा द्यावा. आपली कातडी उत्तर देते. विमानाने जाताना ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाही, ते मोठ्या सामानात टाकावं, एवढीच अडचण.

माझ्या गळ्यावरच्या पुळ्या गेल्या. डाग राहिले, तेही पुसट होत आहेत. माझा मुलगा यंदा दहावीला आहे आणि त्याच्या ओठावर लव दिसू लागली आहे. त्याला कोणता रेझर द्यायचा याचा विचार मला करावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र या रेझरसोबत येते आणि तिच्याकडे आपल्या सोसायट्यांमध्ये फार थोडे लोक लक्ष देतात. आता न्हाणीला मातीची भिंत नाही. वापरलेलं ब्लेड सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जातं, आणि ती पिशवी पुढे कोणाच्या तरी उघड्या हातांनी उसकली जाते. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते आहे. त्या बायांचे कापलेले हात ही जुनी तक्रार आहे. ब्लेड लहान असतं, वर्षाची ब्लेडं एका छोट्या पत्र्याच्या डब्यात मावतात. डब्याच्या झाकणाला चीर पाडा, वापरलेलं ब्लेड त्यातून आत टाका, डबा भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि तो वेगळा हातात द्या. रेझर कोणताही घ्या, पण हा डबा पहिल्या दिवसापासून ठेवा.